एम.टेक., एम.एस.चा खर्च कसा उभा करायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलामुलींसाठी

मे महिना लागला की आमच्या घणसोलीच्या सोसायटीत संध्याकाळी कुणी ना कुणी दार वाजवतं. बी.ई.चं शेवटचं वर्ष संपत आलेलं असतं, पुढे शिकायचं मनात असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, स्कॉलरशिप कुठे मिळते?"

मी त्यांना आधी प्रश्नच बदलायला सांगते. इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणात निव्वळ हुशारीचं बक्षीस म्हणून मिळणारा पैसा फार थोडा आहे. जो काही मोठा पैसा आहे तो कामाचा मोबदला म्हणून मिळतो. लॅब सांभाळायची, पेपर तपासायचे, प्राध्यापकांच्या प्रकल्पावर राबायचं, आणि दरमहा खात्यात रक्कम यायची. हा पैसा वेगळा अर्ज करून मिळत नाही, तो प्रवेशाच्या जागेबरोबर येतो. म्हणून "स्कॉलरशिप कुठे मिळते" असं विचारण्याऐवजी "कुठल्या जागेबरोबर पैसा येतो" असं विचारा. शोधायला लागायची वेळही मे नाही. त्याच्या आधीचा जुलै-ऑगस्ट, म्हणजे सातवं सेमिस्टर सुरू होतं तेव्हा.

माझे वडील तुर्भ्याच्या एमआयडीसीत कामाला होते. मी गेटच्या, म्हणजे एम.टेक.साठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, गुणांवर एम.टेक. केलं, आणि त्या दोन वर्षांत फी सोडून घरून काही घेतलं नाही. वाटेत ज्या चुका केल्या त्या इथे सांगते आहे, कारण त्या टाळता येण्यासारख्या होत्या.

पहिली पायरी: कागदांची फाइल

हे काम कंटाळवाणं आहे आणि मुलं शेवटी ठेवतात. मी ते सगळ्यात आधी करायला सांगते, कारण गुण असून केवळ एका दाखल्यावाचून पैसा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा जवळच्या सेवा केंद्रातून करता येतो. इथे आपल्या भागातला एक घोळ लक्षात ठेवा. नवी मुंबई म्हणून आपण सगळं एकच समजतो, पण ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा पट्टा ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. बेलापूर आणि खारघर ही लोकलची शेजारची स्टेशनं, पण दाखल्यासाठी एकाला ठाण्याला जायचं आणि दुसऱ्याला पनवेलला. अर्जात तालुका चुकीचा निवडला की तो फिरून परत येतो आणि दोन आठवडे हातचे जातात. नोकरदार पालकांचा फॉर्म १६ आणि रेशनकार्ड आधीच काढून ठेवा.

अधिवासाचा दाखला एकदाच काढावा लागतो. जातीचा दाखला असेल तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र, आणि इतर मागासवर्गात असाल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. हे शेवटचं मिळवताना सगळ्यात जास्त मुलं फसतात. आपल्याकडे नेहमी मिळतं ते राज्याच्या नमुन्यातलं. आयआयटी, एनआयटी आणि गेटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या नाहीत. राज्यातलं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण तर केंद्रीय संस्थांमध्ये लागूच नाही. तेव्हा सेवा केंद्रात बसल्यावर "केंद्राच्या नमुन्यातलं हवं" असं स्पष्ट सांगा, आणि हातात आल्यावर वरचा मथळा वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरतं चालतं, म्हणून एक एप्रिलनंतर नवं काढावं लागतं.

आता माझी चूक. एम.टेक.ला लागले आणि पहिल्या दोन महिन्यांचा विद्यावेतनाचा पैसा आलाच नाही. वर्गातल्या बाकीच्यांना मिळाला होता. मी दररोज पासबुक भरून बघत होते. शेवटी कळलं की माझं आधार ज्या खात्याशी थेट लाभासाठी जोडलेलं होतं ते अकरावीत उघडलेलं दुसऱ्या बँकेतलं खातं होतं, आणि ते वापरात नसल्यामुळे गोठलं होतं. सरकारी पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातोच असं नाही. तो आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसतं. आजच बघा. खातं तुमच्या एकट्याच्या नावाचं, साधं बचत खातं असू द्या. संयुक्त खातं किंवा जमा रकमेवर मर्यादा असलेलं खातं नको.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये. तिन्हीकडे अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. याला महिनाभर लागतो, म्हणून वेळ असतानाच हात घाला.

दुसरी पायरी: गेट द्या, परदेशी जायचं असलं तरी

गेट परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो, नोंदणी आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. गुण निकालापासून तीन वर्षं चालतात. म्हणजे शेवटच्या वर्षाला दिली आणि मधे दोन वर्षं महापेच्या किंवा ऐरोलीच्या कंपनीत नोकरी केली, तरी ते गुण वाया जात नाहीत, आणि परदेशाचा बेत फसला तरी हाताशी राहतात.

एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, पदव्युत्तर शिष्यवृत्ती दरमहा १२,४०० रुपये आहे, जास्तीत जास्त २४ महिने. हिशेब २,९७,६०० रुपयांचा होतो. अटी तीनच, पण तिन्ही पक्क्या: प्रवेशाच्या वेळी गेटचे वैध गुण हवेत, अभ्यासक्रम पूर्णवेळ हवा, आणि संस्था व अभ्यासक्रम दोन्हींना एआयसीटीईची मान्यता हवी. दुसरीकडून पगार किंवा विद्यावेतन घेता येत नाही. त्याबदल्यात आठवड्याला आठ-दहा तास शिकवण्याच्या कामात मदत करावी लागते. हजेरी दर महिन्याला संस्था पोर्टलवर टाकते तेव्हाच पैसा सुटतो. आयआयटी, एनआयटीतही गेटवर आलेल्यांना हीच रक्कम मिळते.

१२,४०० रुपयांत ठाण्यात खोली भाड्याने घेऊन राहता येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण वसतिगृह असेल किंवा घरून जाऊन-येऊन करणार असाल तर भागतं. म्हणून आपल्या मुलांना मी म्हणते, लोकलचा पास काढून पोहोचता येईल अशी चांगली संस्था हाताशी असेल तर ती सोडू नका. माटुंग्याचं व्हीजेटीआय, तिथलंच आयसीटी, अंधेरीचं सरदार पटेल, पवईची आयआयटी हे सगळं आपल्या टप्प्यात आहे. पुण्यात किंवा सुरतेत जे राहण्याखाण्यावर जाईल ते इथे वाचतं.

तिसरी पायरी: जागा निवडताना पैशाचा रकाना वाचा

आयआयटीच्या जागांचे प्रस्ताव सीओएपी या सामायिक पोर्टलवर येतात, एनआयटींच्या सीसीएमटी या त्यांच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतून. दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्हीकडे नाव नोंदवावं लागतं. आयआयटीत मात्र आधी प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करायचा असतो. सीओएपीवर नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे, आणि दर वर्षी कुणीतरी तिथेच फसतं.

आयआयटी मुंबईच्या एम.टेक. माहितीपत्रकात जागांचे प्रकार दिलेले असतात. टीए म्हणजे अध्यापन साहाय्यक, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आरए म्हणजे संशोधन साहाय्यक, तीन वर्षांचा. तीन वर्षं ऐकून मुलं मागे सरतात. माझं मत उलटं आहे. आरएच्या जागेवर एखाद्या प्रयोगशाळेची किंवा प्रकल्पाची जबाबदारी अंगावर येते, यंत्रांवर हात बसतो, आणि पुढे पीएच.डी. किंवा संशोधनाची नोकरी करायची असेल तर ते वर्ष कामी येतं. गेटचे गुण थोडे कमी पडत असतील तर हा रकाना नक्की बघा. स्वखर्चाच्या जागेला विद्यावेतन नसतं. नुसतं नाव आयआयटीचं आहे म्हणून ती घेऊ नका, आधी घरात बसून आकडे मांडा.

आपल्या खाडीपलीकडेच अणुशक्तीनगर आहे, आणि तरी फार कमी मुलांना डीजीएफएस ठाऊक असतं. अणुऊर्जा विभागाची ही योजना गेटचे गुण किंवा बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) स्वतःची परीक्षा, आणि मग मुलाखत अशी चालते. निवड झाली तर ठरावीक संस्थांमध्ये एम.टेक. विभागाच्या खर्चाने होतं, विद्यावेतन मिळतं, आणि नंतर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते. सेवेचा करार असतो, तो वाचून सही करा. मुलाखत कठीण असते. ज्याला मूळ विषयाची खरी ओढ आहे त्यानेच जावं. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एल अँड टीची बिल्ड इंडिया शिष्यवृत्ती आहे. बांधकाम तंत्रज्ञान आणि व्यवस्थापनातलं एम.टेक. कंपनीच्या खर्चाने, आणि नंतर कंपनीत काम.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम आहेत. त्यावर एआयसीटीईचं विद्यावेतन मिळत नाही, पण पगार चालू राहतो. कंपनी फीचा काही भाग देते का हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. तोंडी "हो" वर विसंबू नका.

चौथी पायरी: महाडीबीटी

राज्याच्या सीईटी सेलमधून (प्रवेश परीक्षा कक्षातून) एम.ई., एम.टेक.ला प्रवेश घेतला की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काचा निम्मा भाग शासन देतं. २०२४ साली जुलैमध्ये शासनाने निर्णय काढून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत ही सवलत पूर्ण केली. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग यांच्या योजना त्याच पोर्टलवर वेगळ्या आहेत. वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ताही तिथेच.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहिल्यासारखी वाचा: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हा दरवाजा बंद. नेरूळ, ऐरोली, खारघर, कासारवडवली इथल्या महाविद्यालयांत "जागा रिकामी आहे, थेट या" असं सांगणारे फोन ऑगस्टमध्ये येतात. फोनवर हो म्हणण्याआधी विचारा, ही जागा कॅप फेरीतली, म्हणजे केंद्रीय प्रक्रियेतली, आहे का? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

पोर्टलवर अर्ज भरला की काम संपत नाही. तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे जावा लागतो. दर आठवड्याला स्थिती बघा, आणि "महाविद्यालय स्तरावर प्रलंबित" दिसलं तर त्या दिवशी खिडकीवर जाऊन उभे राहा. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचा अर्ज चार महिने असाच पडून होता. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट होती आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. मोबाइलने काढलेला फोटो टाकू नका, स्कॅन करून टाका.

पीएच.डी. हाही पैशाचा मार्ग आहे

बी.ई. नंतर थेट पीएच.डी. करता येते, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नाही. आयआयटींमध्ये चांगले गुण आणि गेट असेल तर घेतात. संशोधन अधिछात्रवृत्तीचे दर १ जानेवारी २०२३ पासून वाढले. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर सुरुवात ७०,००० पासून.

राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या वेगळ्या. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. यांच्या जाहिराती येण्याचा ठरलेला महिना नाही, म्हणून तिन्ही संकेतस्थळं महिन्यातून एकदा उघडून बघायची सवय लावा. पीएच.डी. चार-पाच वर्षांची असते. फक्त विद्यावेतनासाठी यात पडू नका. पण विषय मनापासून आवडत असेल तर "पैसे नाहीत" हे कारण इथे उरत नाही, एवढं घरच्यांना आकडे दाखवून सांगा.

परदेशी जायचं असेल तर

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत एम.एस.ला पहिल्या सेमिस्टरपासून पूर्ण खर्च मिळेल असं धरून चालू नका. तिथे पैसा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडे आधी जातो. बी.ई. नंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर साधारण फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मासिक वेतन मिळतं. एम.एस.च्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला विभागात काम मिळू शकतं, पण ते हाती येईपर्यंत पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावाच लागतो, नाहीतर आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, निघत नाही. सेमिस्टर चालू असताना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं. आर्थिक मदतीसह प्रस्ताव आला तर घाबरून त्याच दिवशी होकार देऊ नका. तिथल्या बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्याला विचार करू देण्याचा संकेत मान्य केलेला आहे.

प्राध्यापकांना मेल लिहिताना एकच मजकूर शंभर जणांना पाठवणारी मुलं मी रोज बघते. त्याला उत्तर येत नाही. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने ऑक्टोबरमध्ये फक्त सात जणांना लिहिलं. प्रत्येकाचा गेल्या दोन वर्षांतला एक पेपर वाचला, आणि मेलमध्ये चार वाक्यं लिहिली: तुमच्या अमुक पेपरमधला अमुक प्रयोग मी वाचला, माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात बेअरिंगच्या कंपनांवर मी हे मोजमाप केलं, त्यात ही अडचण आली, तुमच्या गटात पुढच्या ऑगस्टला पैशासह जागा आहे का. सोबत एक पानाचा बायोडेटा. सातांपैकी तिघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने व्हिडिओवर बोलावलं. स्तुतीची विशेषणं एकही नव्हती, आणि मला वाटतं त्याचाच फायदा झाला.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सेमिस्टरमागे थोडी रक्कम भरावी लागते. पण अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्याहून बरंच जास्त. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचा पैसा गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. हा खर्च नाही, तुमचाच पैसा दरमहा ९९२ युरोने परत मिळतो. पण निघण्याआधी तो एकरकमी उभा करावा लागतो, आणि अनेक घरं नेमकी इथे अडतात. एपीएस प्रमाणपत्र (तुमच्या गुणपत्रिका-पदव्यांची पडताळणी) भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे, त्याला वेळ लागतो. मार्च २०२४ पासून तिथे विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. भाषा येत असेल तर काम पटकन मिळतं, म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ऑनलाइन जर्मन सुरू करा.

इरॅस्मस मुंडस ही युरोपची संयुक्त पदव्युत्तर योजना मला सगळ्यात जास्त आवडते. निवड झाली तर फी माफ आणि महिना १,४०० युरो. अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी. अभ्यासक्रमांची यादी वाचायला एक अख्खा रविवार द्या, त्यात इंजिनीअरिंगचे भरपूर आहेत.

आता कुठे वेळ घालवू नये तेही सांगते. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीचं नाव मोठं आहे, पण ती इंजिनीअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सला मिळत नाही. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीचे विषय ठरलेले आहेत, त्यात सरळ इंजिनीअरिंग नाही, आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

मुंबईतच असलेल्या न्यासांकडे मात्र जरूर जा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला पैसा देतं. राजा रामण्णा आणि के. आर. नारायणन त्याच मदतीवर गेले होते. ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते, पण बँकेच्या कर्जापेक्षा फार हलकी. के. सी. महिंद्रा न्यास आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. यांचे अर्ज साधारण वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत भरायचे असतात, म्हणजे प्रवेशाचं पत्र हातात येण्याच्या आसपास. मुलाखतीत तुमचा विषय साध्या शब्दांत विचारतात. घरी आईला समजावून बघा. तिला समजलं की तयारी झाली.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दर वर्षी ७५ जणांना. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यात कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. दोन्हींत विद्यापीठाची जागतिक क्रमवारी बघतात. तेव्हा विद्यापीठ निवडतानाच ती अट समोर ठेवा, प्रवेश घेतल्यावर नाही. ज्ञातीच्या संस्थांनाही विसरू नका. ठाण्यात त्या पुष्कळ आहेत. रक्कम दहा-वीस हजारांची असते, पण विमानाच्या तिकिटाला हातभार लागतो.

"स्कॉलरशिप मिळवून देतो, रकमेवर टक्केवारी द्या" असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

कर्ज काढायचंच असेल तर

कर्ज वाईट नाही. आकडा न मांडता काढलेलं कर्ज वाईट. घरी बसून करायचा हिशेब असा: व्याज ११ टक्के आणि फेड १० वर्षांत धरली तर दर लाखामागे महिना सुमारे १,३७८ रुपये हप्ता बसतो. १५ वर्षांत फेडलं तर सुमारे १,१३७. म्हणजे ४० लाखांना दहा वर्षं महिना ५५ हजारांवर. शिकत असताना चढलेलं व्याज मुद्दलात मिसळलं आणि ते ५० लाख झालं, तर ६९ हजारांच्या घरात. हा आकडा कागदावर लिहून आईवडिलांबरोबर बसून बघा, आणि नोकरी सहा महिने उशिरा लागली तर काय करायचं तेही त्याच कागदावर लिहा.

भारतात शिकणार असाल तर पीएम विद्यालक्ष्मी आधी बघा. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. यादीतल्या दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही विचारा.

परदेशासाठीच्या मोठ्या कर्जाला बहुधा घर तारण ठेवावं लागतं, आणि इथे आपल्या भागाचं दुखणं पुढे येतं. नवी मुंबईतल्या बहुतेक जमिनी सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या. फ्लॅट गहाण ठेवायला सिडकोचं ना हरकत पत्र लागतं, आणि त्याला दिवस जातात. ठाण्यात अनेक जुन्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे बँक घर चालवून घेत नाही. गावठाणातल्या परवानगी नसलेल्या इमारतीत घर असेल तर त्या तारणावर अवलंबूनच राहू नका. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं भागपत्र, भोगवटा प्रमाणपत्र या चार कागदांच्या प्रती डिसेंबरमध्ये बँकेच्या शाखेत नेऊन फक्त एवढंच विचारा: यावर कर्ज बसेल का? एप्रिलमध्ये विचारलंत तर "नाही" ऐकल्यावर दुसरा मार्ग शोधायला वेळ उरत नाही.

व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, तिला कमाल मर्यादा नाही. पण ती जुन्या कररचनेतच मिळते. आणि बँकेच्या शिक्षण कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसा पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) लागत नाही. एका घरात बापाने स्वतःच्या मुदत ठेवी मोडून फी पाठवली, कर्ज मंजूर होऊन पडलं होतं तरी, आणि ही सूट हुकली. फी कुठल्या खात्यातून जाते आहे हे आधी ठरवा.

प्रवेश झाल्यावरचे पहिले तीन महिने

विद्यावेतन जाहीर होणं आणि खात्यात येणं यात अंतर असतं. संस्थेने पोर्टलवर तुमची नोंद करायची, पडताळणी व्हायची, पहिली हजेरी जायची, मग एकदम दोन-तीन महिन्यांची रक्कम येते. तोवर पास, जेवण, पुस्तकं हे खिशातून करावं लागतं. म्हणून तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी काढून ठेवा आणि तिला फीसाठी हात लावू नका. संस्थेत पाऊल टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यावेतनाचं काम बघणारा कर्मचारी कोण आहे ते शोधा, त्यांना तुमचा गेट नोंदणी क्रमांक, आधार आणि खाते क्रमांक एका कागदावर स्वच्छ लिहून द्या, आणि पोर्टलवर तुमचा क्रमांक तयार झाल्याची छापील प्रत मागून घ्या. माझ्या वेळी ती प्रत मी मागितली नव्हती. आता सोसायटीतून जो कुणी एम.टेक.ला जातो, तो पहिल्या आठवड्यात त्या प्रतीचा फोटो मला पाठवतो.